मुलांना विज्ञान कसे शिकवावे? होशंगाबादच्या तीस वर्षांची हकीकत

मी इतिहासाचा शिक्षक आहे. बी. ए. ला माझा विषय इतिहास होता व बी. एड. लाही इतिहास आणि मराठी याच विषयांच्या अध्यापन पद्धती मी घेतल्या होत्या. तेव्हा संस्थेच्या स्मरणिकेत विज्ञानाच्या शिक्षणावर मी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा लेख लिहिण्यास एक कारण घडले आणि ते कारण म्हणजे माझ्याच हातून झालेली एक चूक होय. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढची ऐतिहासिक हकीकत मी कशासाठी सांगत आहे ते पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

एका मुलाला दिलेले शून्य

सहा वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथील विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले. नवीन शिक्षक येईपर्यंत सातवीचे विज्ञानाचे तास माझ्याकडे आले. हवेचे घटक हा पाठ शिकवताना मी एक जुना प्रयोग करून दाखविला. परातीत पाणी घेतले, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटविली आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला. ज्योत मंद होत होत विझली व पेल्यात पाणी चढले. मी फळ्यावर लिहिले, ‘मेणबत्तीने पेल्यातील ऑक्सिजन वापरून टाकला. त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. यावरून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध होते.’ मी स्वतः शाळेत असताना मलाही हेच शिकविले होते.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर एकदम चढलं. ऑक्सिजन तर जळताना संपत होता ना?”

वर्ग हसला. मी म्हणालो, “फळ्यावर आहे ते उतरून घे.”

पुढे चाचणीत हाच प्रश्न आला. त्या मुलाने फळ्यावरचे उत्तर लिहिले नाही. त्याने लिहिले, ‘पाणी मेणबत्ती विझल्यावर चढते. का चढते ते मला माहीत नाही.’ मी त्याला शून्य गुण दिले.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मला वाटले, गुणांविषयी विचारावयास आले असतील. पण त्यांची तक्रार निराळीच होती. “सर, पोरगा घरात मेणबत्त्या जाळत बसतो. दोन पेले फोडले. त्याची अम्मी वैतागली आहे. तुम्हीच काय ते समजावून सांगा त्याला.” मग जाता जाता ते दारात थांबले व म्हणाले, “मला शाळेतलं काही कळत नाही. पण उन्हात ठेवलेल्या सायकलची ट्यूब तट्ट होते, थंडीत जरा बसते. त्या पेल्यातल्या हवेचं तसंच तर काही नसेल ना, सर?”

ते बरोबर होते. त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो तेव्हा मला ते समजले. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. पेला ठेवताना तिच्यातील काही कडेने बाहेर निसटते. नीट पाहिले तर पाण्यातून बुडबुडे येताना दिसतात. ज्योत विझली की आतली हवा निवते व आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरे. परंतु त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होत असते. शिवाय ज्योत विझते तेव्हा सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते.

म्हणजे मुलाने पाहिलेले खरे होते व मी फळ्यावर लिहिलेले खोटे होते. त्याने डोळ्यांनी पाहिले, पाहिलेल्यावरून प्रश्न केला, उत्तर माहीत नव्हते तेव्हा ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले आणि घरी जाऊन दोन पेले फुटेपर्यंत तपासून पाहिले. विज्ञान ज्याला म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? आणि नेमके त्यालाच मी शून्य दिले होते.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे मी इतिहासाकडे वळलो. लहान मुलांना विज्ञानाची केवळ माहिती न देता विज्ञानाची रीत शिकविण्याचा प्रयत्न पूर्वी कोणी केला होता काय, व त्याचे काय झाले, हे मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे थोडक्यात मांडतो.

तपासून पाहण्याची परंपरा

आपल्या सभा-संमेलनांत इब्नुल हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. ते इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मले आणि १०४० च्या सुमारास कैरो येथे वारले. प्रकाश व दृष्टी यांवरील ‘किताबुल मनाझिर’ हा त्यांचा मोठा ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत जाऊन युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. एवढे आपण सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्यांनी केले काय, हे मुलांना क्वचितच सांगतो.

त्यांचा एक प्रयोग पहा. एका छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे निरनिराळ्या जागी ठेवले. छिद्राच्या पलीकडे अंधारी जागा होती. पलीकडच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी पडला. मग एक दिवा झाकला. त्या दिव्याचाच प्रकाश नाहीसा झाला, बाकीचे जसेच्या तसे राहिले. दिवा उघडला, प्रकाश पुन्हा त्याच जागी आला. यावरून त्यांनी दाखवून दिले की छिद्रातून जाताना दिव्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक आपल्या सरळ रेषेत जातो. पुठ्ठ्याला एक छिद्र व तीन मेणबत्त्या एवढ्या साहित्यावर हा प्रयोग आपल्या कोणत्याही वर्गात होऊ शकतो.

याच विद्वानाने टॉलेमी या ग्रीक ज्योतिर्विदावरील आपल्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. टॉलेमीला होऊन तेव्हा सुमारे नऊशे वर्षे लोटली होती व त्याचा शब्द प्रमाण मानला जात होता. तरीही, थोर माणसाने लिहिले म्हणून खरे असे न मानता, वाचणाऱ्याने ते तपासले पाहिजे ही त्यांची भूमिका होती. मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प करून त्याच तोंडाने आपण इब्नुल हैसम यांचा अभिमान सांगणे हे कितपत शोभते, याचा विचार मी तरी स्वतःशी केला.

मुलांसाठी म्हणून विज्ञान मांडणाऱ्यांत मायकेल फॅरडे यांचे नाव अग्रभागी येते. १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेताचेच. पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधावयास आलेली पुस्तके ते वाचून काढीत. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले. या संस्थेत १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. १८६०-६१ च्या सुटीत फॅरडे यांनी केवळ एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेण वर कसे चढते, ज्योतीचा कोणता भाग उजळ असतो, जळताना पाणी कोठून येते, असे एकेक प्रश्न घेऊन ते मुलांसमोर प्रयोग करीत आणि घरी जाऊन तुम्हीही हे करून पहा असे सांगत. घरातल्या मेणबत्तीतून रसायनशास्त्राचे दार उघडते हे त्यांनी दाखविले.

परंतु फॅरडे यांच्या सभागृहात प्रयोग करणारे ते स्वतः होते, मुले पाहत होती. मुलांच्या हाती प्रयोग द्यावा असा आग्रह पुढे हेन्री आर्मस्ट्राँग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने धरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी जी पद्धत सुचविली तिला आम्ही बी. एड. च्या पुस्तकात ‘स्वयंशोधन पद्धती’ म्हणून पाठ केले होते. विद्यार्थ्याला शक्य तितके शोधकाच्या जागी उभे करावे, असे तिचे सूत्र आहे. गंमत अशी, की ‘विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्यावे’ हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी जसेच्या तसे घोकले व त्यावर चांगले गुण मिळविले!

या पद्धतीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, की हे चांगल्या प्रयोगशाळा, लहान वर्ग व उच्चशिक्षित शिक्षक असतील तेथेच चालेल; गरीब देशातल्या खेड्यातील सरकारी शाळेत ते कसे जमणार? या प्रश्नाला प्रत्यक्ष कृतीने उत्तर दिले ते आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याने.

सोळा शाळांपासून सुरुवात

नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ साली त्याचे नाव नर्मदापुरम् झाले) १९७२ मध्ये दोन स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले. एक होती क्वेकर पंथीयांनी स्थापन केलेली रसूलियाची ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आणि दुसरी बनखेडीजवळची ‘किशोर भारती’. ‘किशोर भारती’चे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आपले काम सोडून खेड्यात आले होते. राज्य शासनाने त्यांना सोळा सरकारी मिडल शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवून पाहण्याची परवानगी दिली.

आपल्या महाराष्ट्राचा या उपक्रमाशी आरंभापासून संबंध होता. टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ त्या काळी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी धडपडत होते. तो अनुभव होशंगाबादला उपयोगी पडला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही या कामात आले. मोठमोठ्या संस्थांतील शास्त्रज्ञांनी आडगावच्या शाळेत जाऊन सहावीच्या मुलांबरोबर जमिनीवर बसावे, ही गोष्ट आपल्या देशात तेव्हा नवी होती आणि आजही फारशी जुनी झालेली नाही.

या कार्यक्रमाची शिकविण्याची रीत अशी होती. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या करावयाच्या. प्रत्येक टोळीने प्रयोग स्वतः करावयाचा. ‘बाल वैज्ञानिक’ या नावाचे पुस्तक मुलांच्या हाती असे, पण त्यात उत्तरे नसत. काय करा, काय पहा आणि पाहिल्यावर कोणत्या प्रश्नाचा विचार करा, एवढेच असे. उत्तर मुलाने आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहावयाचे. सगळ्या टोळ्यांचे निष्कर्ष फळ्यावर मांडले जात. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत यावर चर्चा होई व गरज पडल्यास प्रयोग पुन्हा केला जाई.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. आपल्या वर्गात दोन मुलांची उत्तरे वेगळी आली तर आपण काय करतो? एकाला बरोबर म्हणतो, दुसऱ्याला चूक. एकच बाक दहा मुलांनी मोजला तर दहा मापे तंतोतंत सारखी येत नाहीत हे आपण मुलाला कधी कळूच देत नाही. होशंगाबादच्या अभ्यासक्रमात मापातील हा कमी-अधिकपणा हाच एक पाठ होता. नाणे पुनःपुन्हा उडवून योगायोग व शक्यता यांचा अभ्यास करणे हाही एक पाठ होता. पाने गोळा करून त्यांचे गट पाडावयाचे, मग त्याच पानांचे वेगळ्या कसोटीवर वेगळे गट पाडावयाचे. बेडकाची अंडी व माश्यांच्या अळ्या बरणीत ठेवून त्यांचे रूप कसे पालटते त्याची रोज नोंद करावयाची. शेतातील माती तपासावयाची. अशा कामातून मूल हळूहळू शिके की निरीक्षणाची नोंद ठेवावी लागते, एका वेळच्या निरीक्षणावर विसंबता येत नाही आणि निष्कर्ष पुराव्याच्या पुढे जाऊ देता कामा नये.

साहित्याची रडकथा येथेही होती. पण उपाय जवळच सापडत. प्रत्येक शाळेला साध्या साहित्याची एक पेटी दिली जाई व बाकीचे गावातून जमवावयाचे. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुयांऐवजी बाभळीचे काटे वापरले गेले. काट्याने काम तितकेच चांगले होते आणि बाभळी गावोगाव आहेत.

खरी अडचण शिक्षकांची होती. त्यांतील अनेकजण विज्ञानाचे पदवीधर नव्हते, अगदी माझ्यासारखे. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिरे होत. त्यांत व्याख्याने नसत. शिक्षकांनीच टोळ्या करून, मुलांनी करावयाचे तेच प्रयोग स्वतः करावयाचे असत. दर महिन्याला परिसरातील शिक्षक एकत्र बसत व वर्गात काय अडले ते एकमेकांना सांगत. शिक्षकाला येत नसेल तर त्याने ‘मला माहीत नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हणावे, यात कमीपणा मानला जात नसे. मुलांना पडलेल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत व त्यांना उत्तरे जात.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व मिडल शाळांत, म्हणजे दोनशेहून अधिक शाळांत सुरू झाला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने ही जबाबदारी उचलली. पुढे तो मध्य प्रदेशातील इतर जिल्ह्यांतही गेला व शाळांची संख्या हजाराच्या घरात पोहोचली.

परीक्षा बदलली म्हणून शिक्षण बदलले

या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती परीक्षेची बाब. आपल्याकडे शिकविण्याच्या पद्धती कितीही बदलल्या तरी परीक्षा जुनीच राहते, आणि मूल शेवटी परीक्षेसाठीच शिकते. होशंगाबादकरांनी हे ओळखले होते. त्यांनी शासनाकडून परीक्षा बदलण्याचीही मोकळीक मिळविली. लेखी परीक्षेला मुलांनी आपले ‘बाल वैज्ञानिक’ व आपली वही बरोबर आणावी, उघडून पहावी! शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी असे.

पुस्तक उघडे ठेवून परीक्षा म्हटले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मग अभ्यास तो काय राहिला? परंतु प्रश्नच असे असत की उत्तर पुस्तकात सापडू नये. माझ्या मेणबत्तीचेच उदाहरण घ्या. ‘पेल्यात पाणी का चढते?’ असे विचारले तर पाठ केलेले उत्तर येणार. त्याऐवजी असे विचारा, ‘एका गटाने एक मेणबत्ती घेतली, दुसऱ्याने त्याच मापाच्या पेल्याखाली तीन घेतल्या. तीन मेणबत्त्यांच्या पेल्यात पाणी जास्त चढले. दोन्ही पेल्यांत हवा सारखीच होती. तर पाणी चढण्याचे कारण केवळ ऑक्सिजन संपणे हे असू शकेल काय?’ या प्रश्नाला पुस्तक उघडून काय मिळणार? येथे विचारच करावा लागेल. आणि माझा तो विद्यार्थी अशा परीक्षेत शून्य मिळवून घरी गेला नसता.

कार्यक्रम बंद का पडला?

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम थांबले व त्या शाळांत राज्यातील इतर शाळांप्रमाणे नेहमीची पुस्तके आली. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही.

इतिहासाच्या शिक्षकाने एका बाजूची वकिली करू नये. म्हणून आक्षेपही सांगतो. मुख्य आक्षेप असा होता की ही मुले पुढे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात. सगळ्या राज्याला एक पुस्तक असताना एका भागातील मुलांनी निराळे का शिकावे? कार्यक्रम चालविणाऱ्यांना हा आक्षेप मान्य नव्हता. तथापि काही उणिवा उघड होत्या. साहित्य संपले की नवे वेळेवर येत नसे. तयार झालेल्या शिक्षकांच्या बदल्या होत. काही ठिकाणी प्रयोग न करताच उत्तरे लिहून दिली जात. कोणतीही योजना थोड्या शाळांतून पुष्कळ शाळांत गेली की तिच्यातील प्राण टिकविणे कठीण होते, हे येथेही दिसले.

पण मला वाटते, सर्वांत खोल कारण पालकांच्या मनातील भीतीत आहे, आणि ती भीती खोटी नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकत आहे त्या घराला दहावीचे गुण म्हणजे दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा दाखला वाटतो. श्रीमंताच्या मुलाने प्रयोग करीत बसावे, त्याला पुढे शिकवण्या लावता येतील. आमच्या मुलाने मात्र वर्ष वाया घालवू नये, असे गरीब बापाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. आपल्या समाजातील कितीतरी पालक असाच विचार करतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पाठांतरावर मिळालेले गुण पुढच्या पायरीवर पुरत नाहीत. दहावीपर्यंत घोकंपट्टीवर चांगले गुण मिळविणारी आपली मुले अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत का अडखळतात, याचे एक कारण हे आहे की तेथे प्रथमच त्यांना अनोळखी प्रश्न भेटतो.

विझलेल्या दिव्याची ऊब

कार्यक्रम बंद झाला तरी त्याचे काम वाया गेले नाही. १९७८ मध्ये आय. आय. टी. कानपूरचे एक तरुण अभियंते, श्री. अरविंद गुप्ता, पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन ‘किशोर भारती’त आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन व घनाकृती तयार करण्याची कल्पना तेथे त्यांना सुचली. नंतर त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली, पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या दुकानात पडलेल्या नळीतून भूमिती शिकविता येते, हे वाचताना मला त्या मुलाच्या वडिलांची आठवण झाली.

मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले व त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतही काम केले. ज्या प्रा. यशपाल यांनी होशंगाबादच्या कामाला आरंभापासून पाठबळ दिले तेच पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष झाले. मुलाने ज्ञान घोकू नये, स्वतः घडवावे, हा विचार त्या आराखड्यात ठळकपणे आला. आपल्या राज्यघटनेतही १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी वाढविणे हे एक आहे. तेव्हा मुलाचा प्रश्न ऐकून घेणे हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडण्यासारखे काम नाही.

आपण काय करू शकतो?

मोठ्या योजना आपल्या हाती नाहीत. शिकवावयाचे पुस्तक व बोर्डाची परीक्षा आपण बदलू शकत नाही. पण आठवड्यातून एक तास तरी असा ठेवता येईल की ज्यात शिक्षक उत्तर सांगणार नाहीत. घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा घालता येईल की ज्याचे उत्तर वहीत नाही. ज्याने पाहिले तेच लिहिले त्याला, उत्तर अपुरे असले तरी, गुण देता येतील. शाळेत प्रयोगशाळा नाही ही सबब बाभळीच्या काट्यांपुढे टिकत नाही.

पालकांना विनंती अशी, की मुलाने घरात काही उघडून पाहिले, भिजवून पाहिले, मोजून पाहिले तर त्याला एकदम रागावू नका. जळणाऱ्या वस्तूजवळ मात्र मोठ्या माणसाने बसावे. आणि तुमच्या धंद्यातील ज्ञानाला कमी लेखू नका. गॅरेज, बेकरी, शिलाईचे दुकान, मासेमारीची होडी येथे हवा, उष्णता, माप व दाब यांची रोज परीक्षा होत असते. मुलाला ते दाखवा. विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते हे, की प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही. पण प्रश्न विचारल्यावर उत्तर शोधण्याचे कष्टही आपणच घ्यावे लागतात. वर्ग हसला तरी त्या मुलाने पेले उपडे करून पाहणे सोडले नव्हते.

आता राहिली माझ्या चुकीची गोष्ट. त्याच महिन्यात मी सातवीच्या वर्गात गेलो, पुन्हा परात मांडली आणि मुलांना सांगितले, “मागे मी फळ्यावर लिहिले होते ते चूक होते.” वर्गात एकदम शांतता पसरली. शिक्षक चुकले असे म्हणतात हे त्यांनी बहुधा प्रथमच ऐकले असावे. मग त्या मुलाला पुढे बोलावले व प्रयोग त्याच्याच हातून करविला, आधी एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन. मुलांनी पेल्यावर खुणा करून पाण्याची उंची मोजली. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण खरोखर पहावयाचे तर त्यासाठी दुसरा प्रयोग आहे. परीक्षानळीत आतून ओला लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात काही दिवस उपडी ठेवावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते व पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत हळूहळू चढते. तोही आम्ही वर्गाच्या खिडकीत मांडून ठेवला आणि मुले रोज येऊन तो पाहत राहिली.

त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवरील शून्य मी खोडले व तेथे पूर्ण गुण लिहून सही केली. आज तो आय. टी. आय. मध्ये फिटरचे शिक्षण घेत आहे. मध्यंतरी बाजारात भेटला तेव्हा मी त्याला विचारले, “मेणबत्तीचे आठवते का?” तो हसून म्हणाला, “आठवतं सर. पण एक राहिलंच. पेला आधीच गरम करून ठेवला असता तर पाणी जास्त चढलं असतं की कमी?”

मला उत्तर खात्रीने सांगता आले नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे ते करून पाहणार आहोत.